तुमच्या ऑस्ट्रेलियात हे असंच असतं का गं?

मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्या भागात वर्किंग डेला दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सांगलीहून आलेल्या माणसाला हे फार जड जातं. दारावर भाजीवाला नाही, जिन्यात कोणी भेटत नाही, समोरच्यांच्या घरी कोण आलं कोण गेलं काही कळायला मार्ग नाही. मग व्हिजिटर व्हिसावर आलेले सगळे सासूसासरे जे करतात तेच आमच्याकडे झालं. सोफा, रिमोट आणि फुकटची चॅनल्स. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण टीव्हीवर जो कोणी ऑस्ट्रेलियन माणूस जे काही करेल त्याचा जाब मी द्यायचा, अशी घरात पद्धत कधी पडली ते देव जाणे. मी वर्क फ्रॉम होम करते, म्हणजे आईंच्या हिशोबात 'घरीच असते', त्यामुळे मीटिंग चालू असताना दार ढकलून अर्ध्या आवाजात विचारलं जातं, "अगं, ह्या मुलीनं नवऱ्याला मांडवातच पहिल्यांदा बघितलं, हे खरंय का?"

तो कार्यक्रम म्हणजे मॅरिड ॲट फर्स्ट साइट. मूळ कल्पना डेन्मार्कची, पण चॅनल नाइनने 2015 पासून तिचं इथे जे काही करून ठेवलंय ते बघायला परदेशातली माणसंसुद्धा रात्र रात्र जागतात. तज्ज्ञ मंडळी जोड्या जुळवतात आणि नवरा-नवरी थेट लग्नातच एकमेकांना बघतात. माझे गोरे कलीग ह्याला भयंकर धाडसी प्रकार समजतात. आई शांतपणे म्हणाल्या, "आमचं ह्याच्यापेक्षा काय वेगळं होतं? आम्ही मधे एकदा पोहे खाल्ले होते एवढंच." मग मी शहाणपणा करून सांगितलं की ऑस्ट्रेलियात लग्नाची नोटीस निदान महिनाभर आधी द्यावी लागते, आणि नवरा कोण हेच माहीत नसताना नोटीस कोणाच्या नावाने देणार, म्हणून हे कायद्याने लग्नच नसतं. झालं. "मग रडतात कशाला एवढं? आणि भांडतात कशाला? आणि तू बघतेस कशाला?" तिन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती, आणि तिकडे मीटिंगमध्ये मला कोणीतरी नावाने हाक मारत होतं.

अप्पांचं प्रकरण जुनं आहे. त्यांचा ऑस्ट्रेलियन टीव्हीशी संबंध माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. इथली टेस्ट सकाळी साडेदहाला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने ऑस्ट्रेलिया बघितलाय तो पांघरुणात, चहाच्या आधी, घरचे उठतील म्हणून आवाज बारीक करून. हिरवंगार गवत, झगझगीत ऊन, कॉमेंटेटर रिची बेनो यांचा क्रीम कलरचा कोट, आणि कोणी शून्यावर आउट झाला की बॅट काखेत मारून रडत रडत स्क्रीनवरून चालत जाणारं ते कार्टूनचं बदक. अप्पांच्या दृष्टीने ऑस्ट्रेलिया म्हणजे चॅनल नाइन. इथे आल्यावर त्यांनी मोठ्या विश्वासाने नाइन लावलं तर तिथे टेनिस! 2018 पासून क्रिकेट चॅनल सेव्हनकडे गेलंय आणि टेनिस नाइनकडे आलंय, हे सांगताना मला घरातलं कोणी वारल्याची बातमी देतेय असं वाटत होतं. "आणि बदक?" एवढंच त्यांनी विचारलं.

पण बदकावर जीव असला तरी माणसांबद्दल अप्पांचं मत काही चांगलं नाही. आणि ते मत 1 फेब्रुवारी 1981 पासून बदललेलं नाही. मेलबर्नलाच, न्यूझीलंडला शेवटच्या बॉलवर टाय करायला सहा हवे होते तेव्हा ऑस्ट्रेलियाचे कॅप्टन ग्रेग चॅपल यांनी आपल्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, बॉल जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. तेव्हाच्या नियमात बसत होतं, पण अप्पांच्या नियमात बसत नाही. "धाकट्या भावाला पापात ओढतात ही माणसं." त्यावर मग 2005 ला तेच ग्रेग चॅपल आपले कोच होऊन आले आणि गांगुलीची कॅप्टनशिप गेली ते, आणि कळस म्हणून 2023 ला अहमदाबादला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये ट्रॅव्हिस हेडचे 137. ह्या सगळ्याचा हिशोब अप्पा माझ्याकडे मागतात. मी आयटीत आहे हो.

आईंची ओढ मास्टरशेफची. ऑस्ट्रेलियाचं मास्टरशेफ 2009 ला सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत स्टार वर्ल्डवरून आपल्याकडे घराघरात पोचलं, त्यातल्या मॅट प्रेस्टन ह्या जजचे ते गळ्याभोवतीचे रंगीबेरंगी रुमाल आईंना अजून आठवतात. त्यांचं म्हणणं असं की जगातल्या सगळ्या स्पर्धांमध्ये माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ही एकच अशी बघितली जिथे शेजारणीचा केक कोसळला तर अर्ध्यावरचा स्वतःचा केक सोडून बाई तिला मदत करायला धावते आणि वर दोघी मिळून रडतात. हे पटतं मला. परदेशातल्या बऱ्याच लोकांना ऑस्ट्रेलियन माणूस आवडायला लागला तो मगरीशी झटापट करणाऱ्या स्टीव्ह अर्विनमुळे, आणि आमच्याकडे ह्या रडक्या स्वयंपाकघरामुळे. पण 2021 च्या फायनलचे भाग मी त्यांना दाखवले, त्यात किश्वर चौधरी ह्या बांगलादेशी घरातल्या बाईने पांता भात केला होता, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवून आंबवलेला भात, सोबत बटाट्याचं भरीत आणि मासा, आणि जज लोक डोळे मिटून खात होते. आई अवाक. "शिळा भात? फायनलला?" ती तिसरी आली आणि जिंकला तो जस्टिन नारायण, फिजीतल्या भारतीय वंशाचा, बक्षीस अडीच लाख डॉलर. त्या रात्री उरलेल्या भाताला फोडणी देताना आईंच्या चेहऱ्यावर वाया गेलेल्या आयुष्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं.

पण सगळ्यात खोल परिणाम केला तो बॉर्डर सिक्युरिटीने. चॅनल सेव्हनचा हा 2004 पासूनचा कार्यक्रम, विमानतळावर कोणाच्या बॅगेत काय सापडलं तेवढंच दाखवतात, आणि जगभर विकला गेलाय. तुम्हाला सांगते, ह्या देशाने पर्यटनाच्या जाहिराती कितीही करू देत, परदेशातल्या माणसाच्या मनात ऑस्ट्रेलिया म्हणजे एक बीगल कुत्रा, एक स्टीलचं टेबल आणि हातमोजे घातलेली एक बाई. आई-अप्पांनी सांगलीत युट्यूबवर ह्याचे ढिगाने भाग बघून तयारी केली होती, बोर्डाच्या परीक्षेला करतात तशी. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यात खाण्याच्या वस्तू आहेत का, लाकडाच्या वस्तू आहेत का, गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होतात का असं सगळं विचारतात. अप्पा निघायच्या आधी तासगावला मेव्हण्याच्या द्राक्षबागेत जाऊन आले होते, म्हणून त्यांनी बूट जुन्या टूथब्रशने घासून, वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे आणले होते. आईंनी गोडा मसाला, मेतकूट, चटण्या आणि सांगलीचं भडंग ह्यांची यादी केली होती, इंग्रजीत, कार्बन घालून, एक प्रत ऑफिसरला आणि एक स्वतःला.

मी बाहेर ताटकळत उभी. आत काय झालं ते आईंकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते बघितल्यासारखंच वाटतं. ऑफिसर म्हणे एक उंच सरदारजी होता. त्याने यादी वाचली, परत वाचली, भडंगचं पाकीट खालीवर करून बघितलं, अप्पांचे बूट उलटे करून तळवे बघितले आणि म्हणाला, "ब्युटिफुल, मेट. नो वरीज." बस्स. चौकशी नाही, दंड नाही, कुत्रासुद्धा दुसऱ्याच कोणाच्या ट्रॉलीकडे गेला. आई हिरमुसल्या. "एवढी यादी केली, साधा कॅमेरासुद्धा नव्हता गं कुठे." अप्पांनी मात्र बुटांचं कौतुक पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मेव्हण्याला सांगितलं, आणि पुढे कोणी विचारलं नाही तरी सांगितलं.

तर त्या सरदारजीपासून आईंच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आमच्या एका बाजूला पंजाबी कुटुंब, दुसऱ्या बाजूला व्हिएतनामी आजी, समोर फिलिपिनो. डॉक्टर श्रीलंकेची, बसड्रायव्हर सोमाली. "ते नेबर्स मालिकेतले असतात ना तसे खरे ऑस्ट्रेलियन कधी दाखवणार मला?" नेबर्स म्हणजे 1985 ला सुरू झालेली मालिका, रॅम्झी स्ट्रीट नावाच्या गल्लीची गोष्ट. ब्रिटिश लोक तिच्यासाठी इतके वेडे की जिथे शूटिंग व्हायचं ती व्हर्मॉन्ट साउथमधली खरी गल्ली बघायला टूर काढून यायचे. आम्हीपण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गाडी घालून गेलो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आईंनी विचारलं, "एवढ्याशा गल्लीत इतकी वर्षं इतकी लग्नं आणि इतकी लफडी? आपल्याकडे निदान वाडा तरी मोठा दाखवतात." त्या गल्लीत भारतीय कुटुंब, कपूर म्हणून, राहायला यायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली. आणि बाहेर खऱ्या गल्ल्यांमध्ये काय चाललंय, तर 2021 च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून जास्त लोकांचा स्वतःचा, नाहीतर आई-बाबांपैकी एकाचा जन्म परदेशातला. मी म्हटलं, आई, आपली परी इथेच जन्मली, ती काय खोटी ऑस्ट्रेलियन आहे का? त्यांनी परीकडे बघितलं. ती टोस्टला व्हेजिमाइट, म्हणजे इथली ती खारट काळी यीस्टची पेस्ट, लावून वर लसणाची चटणी भुरभुरत होती. 'खरे'चं उत्तर मग टीव्हीनेच दिलं. इथे बऱ्याच कार्यक्रमांच्या आधी एक सूचना येते, ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर प्रेक्षकांसाठी, की ह्यात मरण पावलेल्या व्यक्तींची चित्रं किंवा आवाज असू शकतात. इथल्या मूळच्या अनेक समाजांमध्ये गेलेल्या माणसाचं नाव घेणं, फोटो बघणं काही काळ टाळतात, असं मी सांगितलं. "आणि आपण हार घालून भिंतीवर लावतो," आई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून ती सूचना आली की भाजी निवडायची थांबतात.

हार्ड क्विझबद्दल जास्त बोलत नाही. त्यातला टॉम ग्लीसन स्पर्धकांना बोलावून त्यांच्या तोंडावर त्यांचा कचरा करतो, स्पर्धक खूश होऊन हसतात आणि जिंकणाऱ्याला मिळतो पितळेचा मोठा मग. अप्पांचं मत, ह्याचं आजोळ सदाशिव पेठेत असणार.

ब्लुईने मात्र घरात गडबड केली. ब्रिस्बेनला बनलेलं, 2018 ला एबीसीवर सुरू झालेलं, एका निळ्या कुत्रीच्या कुटुंबाचं हे कार्टून आता अमेरिकेतली मुलंसुद्धा बघतात आणि तिथले आईबाप म्हणे मुलांचे ऑस्ट्रेलियन उच्चार ऐकून चक्रावतात. त्यातला बाप, बँडिट, दिवसभर मुलींशी खेळतो. अप्पांचा पहिला प्रश्न, "ह्याला ऑफिस नाही?" तो आर्किऑलॉजिस्ट आहे, ब्लुईची आई एअरपोर्ट सिक्युरिटीत. हे कळल्यावर आईंना तिच्याबद्दल भलताच आदर वाटायला लागला. परीने अप्पांना बँडिट केलं आणि पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला माणूस फुगा जमिनीला टेकू नये म्हणून हॉलभर रांगायला लागला. मग एक दिवस क्रिकेटचा भाग लागला. त्यात रस्टी नावाचं एक पोरगं असतं, सगळ्यांना ठोकून काढणारं, बाप्ये मंडळीसुद्धा त्याला आउट करू शकत नाहीत. आणि शेवटी ते मुद्दाम हलका फटका मारून धाकट्या बहिणीच्या हातात कॅच देतं, तिला आनंद व्हावा म्हणून.

अप्पा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, परत घातला, भाग परत लावायला सांगितला. जेवताना म्हणाले, "ह्या कुत्र्याला चॅपलच्या घरात जन्माला घालायला हवं होतं." 1981 पासूनच्या खात्यात पहिल्यांदाच काहीतरी जमा झालं होतं, मी पटकन भात वाढला आणि विषय बदलला, न जाणो ट्रॅव्हिस हेड आठवायचा.

सध्या द ब्लॉक चालू आहे. जोडपी त्यांना मिळालेली घरं नव्याने उभी करतात, जज येऊन नाकं मुरडतात आणि शेवटी लिलाव होतो. त्याचा परिणाम असा की आता दर शनिवारी दोघं आसपासची विकायला काढलेली घरं बघायला जातात. इथे ओपन इन्स्पेक्शनला कोणीही आत जाऊ शकतं, फक्त दारात नाव आणि फोन नंबर द्यायचा. आईंनी सगळीकडे माझा नंबर दिलाय. कपाटं उघडून बघतात, नळ सोडून बघतात, गॅसच्या आणि सिंकच्या मधलं अंतर वितीने मोजतात, एजंटला वाटतं बाई सिरियस आहेत. सोमवारी सकाळी माझी टीम मीटिंग सुरू झाली की त्या एजंटांचे फोन चालू. परवा एकजण फारच गोड आवाजात म्हणाला, तुमच्या आईंना घर खूप आवडलेलं दिसलं, किती पर्यंत जायची तयारी आहे? मी फोनवर हात ठेवून आईंना विचारलं. त्या मटार सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आधी तो ओटा काढ तिथनं. खिडकीकडे पाठ करून कोण पोळ्या लाटणारे?"