नोटीस म्हणजे निकाल नव्हे

अमेरिकेतल्या कॉपीराइट कायद्याबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा आशय असा: कॉपीराइट भंगाला निनावीपणाचं संरक्षण नाही, तक्रार आली की वेबसाइटला खात्यामागचं नाव द्यावंच लागतं, आणि ज्यानं काही चोरलंच नाही, त्याला नावाची भीती कशाला? तिन्हींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते खपतं.

"संरक्षण नाही." निनावी लिहिण्याला अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली मॅकिंटायर खटल्यात म्हटलंय. चोरीला ते नाही, हे कबूल. पण २००४ साली न्यूयॉर्कमध्ये सोनीच्या खटल्यात गाण्यांच्या फाइली वाटणाऱ्यांची नावं मागितली गेली, तेव्हा न्यायालयानं आधी तपासलं, मगच ती देववली. दावा सकृद्दर्शनी टिकतो का, नाव दुसऱ्या मार्गानं मिळेल का, त्याशिवाय खटला अडतो का, हे बघितलं गेलं.

"नाव द्यावंच लागतं." १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१२(एच) खाली हक्कदारानं तीन कागद द्यायचे: तक्रारीच्या नोटिशीची प्रत, समन्सचा, म्हणजे नाव सांगा या वेबसाइटला द्यायच्या आदेशाचा मसुदा, आणि ही ओळख फक्त आपला हक्क राखायलाच वापरू असं प्रतिज्ञापत्र. कागद पुरे असले की न्यायालयाचा कारकून समन्स काढतो. आधी खटला भरावा लागत नाही आणि न्यायाधीशांची नजरही पडत नाही. इतकं सोपं ठेवलं की गैरवापर होणारच. फिरणारा मजकूर मात्र इथेच थांबतो, पुढची पायरी सांगतच नाही. समन्स रद्द करा, असा अर्ज वेबसाइट करू शकते आणि खातेदारही. मग प्रकरण न्यायाधीशांपुढे जातं. २०२२ साली एका धनाढ्य माणसाची टिंगल करणाऱ्या निनावी ट्विटर खात्याबाबत तेच झालं. सहा फोटोंवर हक्क सांगून एका कंपनीनं नाव मागितलं. खातेदार न्यायालयात आलाच नाही, तरीही कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी तो वापर फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर ठरवून समन्स रद्द केलं. शिवाय नुसती इंटरनेट जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला हे कलम लागूच नाही, असं व्हेरायझन या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात २००३ सालीच ठरलंय.

"चोरलं नाही तर भीती कशाला?" यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या एका शंकेखोर सदस्यानं रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवर दोन गोष्टी टाकल्या: संस्थेच्या मासिकातली देणगीची जाहिरात, आणि संस्था लोकांची कोणती वैयक्तिक माहिती साठवते त्याचा तक्ता. त्यावर कॉपीराइटचं समन्स आलं. नाव फुटलं असतं तर नातलग आणि समाज दोन्ही तुटण्याची भीती होती. २०२० साली न्यायाधीशांनी हाही फेअर यूज मानला आणि समन्स रद्द केलं. नाव आधी दिलं असतं, तर हा निकाल काय कामाचा? उघड झालेलं नाव परत झाकता येत नाही.

ज्याच्यावर ही वेळ येते त्याची फसगत बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली, काढलेली पोस्ट परत यावी म्हणून घाईनं प्रतिनोटीस पाठवणं: तिच्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तिची प्रत तक्रारदाराकडे जाते. म्हणजे समन्सशिवायच नाव पोचलं. दुसरी, न्यायालयाला स्वतःच्या सहीचं पत्र लिहिणं. ते सार्वजनिक नोंदीत जाऊ शकतं. समन्स आल्याचं कळवताना वेबसाइटनं ईमेलमध्ये दिलेली तारीख उलटायच्या आत वकिलामार्फत, 'जॉन डो' या निनावी पक्षकारासाठीच्या नावानं समन्स रद्द करण्याचा अर्ज करणं हा धड मार्ग.

आणि खटला हरल्यावर तरी नाव आपोआप उघड होतं का? २०१७ साली सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे असा ब्लॉगर होता, ज्यानं कॉपीराइट भंग केल्याचं सिद्ध झालं होतं. कल नाव उघड करण्याकडेच असेल, असं न्यायालयानं म्हटलं, पण त्याच्या निनावीपणाचं वजनही तोलायला सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं.