मे महिन्यात जैसलमेर? स्काऊट शिक्षकांनो, जरा थांबा

स्काऊट-गाईड शिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: मुलं कणखर व्हायची असतील तर मेच्या सुट्टीत त्यांना थरच्या वाळवंटात न्या. तिथे झाड नाही, पाखरू नाही, त्यामुळे लक्ष कुठे जात नाही. पाणी मोजून द्या, शरीराला सवय होते. अगदीच संपलं तर काटेरी खोड कापा, आत पाणी असतं. नाल्याच्या सपाट पात्रात तंबू ठोका, वाळवंटात पुराची भीती नाही. शेकोटीला वाळकी झुडपं हवी तेवढी मिळतात. साप चावला तर चीर देऊन विष चोखून काढा.

मी विदर्भातल्या एका शाळेत बावीस वर्षं स्काऊटमास्टर होतो आणि चार वेळा पथक घेऊन जैसलमेरला गेलो आहे. मेसेज वाचून मला भीती वाटली. त्यातली प्रत्येक सूचना करायला सोपी आहे, आणि कुणीतरी उत्साही तरुण सर ती करून बघतील.

आधी मे महिन्याचं. जोधपूर आणि जैसलमेरच्या दरम्यान असलेल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी पारा 51 अंशांवर गेला होता. ही सावलीतल्या हवेची नोंद आहे, पायाखालची वाळू त्याहून कितीतरी जास्त तापते. आम्ही वर्धेकर उन्हाळा सोसलेली माणसं, पण आमच्याकडे दुपारी निदान कौलांखाली बसता येतं. मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि त्यांच्या लहान शरीराला बाहेरची उष्णता लवकर भिडते. तेव्हा कणखरपणाचा हा प्रयोग मोठ्यांना सोसला तरी मुलांना सोसेलच असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच वाळवंटातल्या शिबिराचे दिवस.

तेव्हासुद्धा आपलं वेळापत्रक जसंच्या तसं तिकडे नेऊ नका. जानेवारीत वर्ध्याला सातच्या आत सूर्य वर येतो, जैसलमेरला साडेसात वाजतात. सहाच्या ध्वजवंदनाला मुलं काळोखात कुडकुडत उभी राहतात, हे मी पहिल्या वर्षी बघितलं आहे. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे दिवसाची उष्णता रात्री भराभर निघून जाते. दुपारी शर्ट नकोसा होतो आणि पहाटे स्वेटरवर शाल लागते. एकेक पातळ कपडा काढता-घालता येईल अशी यादी पालकांना द्या.

आता पाण्याचं, कारण या मेसेजमधली सगळ्यांत घातक ओळ तीच आहे. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता आणि ऊन चांगलंच होतं. सकाळच्या पायपिटीवरून परतताना आठवीतला एक मुलगा मागे पडायला लागला. वाळूत दोनदा ठेचकाळला, मित्रावर उगाच खेकसला, मग डोकं दुखतंय म्हणाला. खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाच्या सावलीत बसवलं, बूट-मोजे काढले, मानेवर ओला पंचा ठेवला आणि ओआरएसचं पाणी घोटाघोटाने दिलं. अर्ध्या तासाने चेहरा जरा खुलला. मग त्याने सॅकमधून बाटली काढली. ती काठोकाठ भरलेली होती. "सर, मी एक थेंबही संपवला नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं मी शाबासकी देईन, कारण 'पाणी जपून वापरा' हे शिबिरात मीच रोज सांगत होतो.

तेव्हापासून मी हे वाक्य बदललं. भांडी घासताना पाणी जपायचं, पिताना जपायचं नाही. पाणी कमी प्यालं म्हणून घाम यायचा थांबत नाही आणि शरीराला तहानेची सवयही लागत नाही. रक्तातलं पाणी तेवढं घटत जातं. मी माणशी दिवसाला पिण्याचं 5 लिटर पाणी धरतो. 30 मुलं आणि 4 मोठे म्हणजे 170 लिटर, वीस लिटरचे नऊ जार. स्वयंपाकाचं वेगळं. दर वीस मिनिटांनी संघनायकाने शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर प्यायचं. लघवी गडद पिवळी झाली तर लाजू नका, येऊन सांगा, हे मुलामुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगायचं. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटके बसावेत असं तापलं, तर तो उष्माघात समजा. पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.

काटेरी खोडाचं तर अगदी खोटं आहे. थरमध्ये जे निवडुंगासारखं दिसतं तो बहुतेक थोर असतो. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला असतो त्याच्याच कुळातला. कापला की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांची आग होते, दृष्टीलाही धोका असतो, आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब. ज्याला पाण्याची गरज आहे त्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही जाईल.

पुराची भीती नाही म्हणणाऱ्यांनी बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव आठवावं. ऑगस्ट 2006 मध्ये तिथे वर्षाच्या सरासरीहून जास्त पाऊस तीन दिवसांत कोसळला. जमिनीखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरलं नाही, गाव बुडालं, आणि जिल्ह्यात शंभरावर माणसं दगावली. हिवाळ्यात असा पाऊस क्वचितच, हे मान्य. पण कोरड्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, ही सवय मुलांना एकदा लागली की ती सह्याद्रीतल्या ओढ्याकाठीही त्यांना वाचवेल.

शेकोटीसाठी जी 'वाळकी झुडपं' म्हणतात, त्यांत फोग असतो. पानं जवळजवळ नसतातच, म्हणून मेल्यासारखा दिसतो, पण जिवंत असतो आणि मुळांनी वाळू धरून ठेवतो. ओढून काढला की तिथली टेकडी सरकायला मोकळी होते. आणि खेजडीला तर हातही लावू नका. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह 363 बिश्नोई याच झाडासाठी मेले. त्या मुलखात गणवेशातल्या मुलांनी फांद्या तोडाव्यात, हे मला सहन होणार नाही. सरपण गावातून विकत घ्या, एकच छोटी शेकोटी करा.

सापाबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे फुरसं असतं, कोकणातली मंडळी त्याला ओळखतात. चीर नको, चोखणं नको, दोरी आवळणं नको. अवयव हलू न देता थेट दवाखाना. प्रतिविष कोणत्या दवाखान्यात मिळतं हे शिबिराआधी विचारून ठेवा. रात्री बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि बूट घालण्याआधी झटकायचे, कारण विंचवालाही ती जागा आवडते.

उरलं 'झाड नाही, पाखरू नाही'. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. ज्या फलोदीचा पारा वर सांगितला, तिच्या शेजारच्या खीचन गावात हिवाळाभर हजारो करकोचे उतरतात, थेट मध्य आशिया आणि मंगोलियातून. गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे घालतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याची वाट बघून लोक थकले तो माळढोक पक्षी इथे गोडावण म्हणून ओळखला जातो. जगात दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक इथेच, जैसलमेरच्या मुलखात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, म्हणून गवतात पसरून खेळायचे खेळ तिथे घ्यायचे नाहीत. जैसलमेरपासून 17 किलोमीटरवर आकलला 18 कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलेली आहेत. पालीवाल ब्राह्मणांच्या खडीनमध्ये पावसाचं पाणी बांध घालून अडवतात आणि ते मुरलं की त्याच ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. पाणलोटाचा धडा पुस्तकात वाचलेल्या मुलांना त्या बांधावर उभं करा.

आणि सकाळी वारा सुटण्याआधी त्यांना टेकडीवर न्या. मोजे भुरट गवताच्या काट्यांनी भरतील, भरू द्या. मागच्या खेपेला सहावीतल्या मुलींच्या एका गटाने वाळूवर तीन रेघा शोधल्या. एक भुंग्याची, शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक. एक जर्बिलची, म्हणजे वाळवंटी उंदराची, जोडीजोडीने उड्या मारलेली. तिसरी कोल्ह्याची, सरळ. जर्बिलची रेघ कोल्ह्याच्या रेघेला मिळाली होती आणि तिथे वाळू विस्कटलेली होती. पुढे कोल्ह्याच्याच खुणा होत्या. मुली वीस मिनिटं गुडघ्यांवर बसून चित्र काढत राहिल्या. नऊ वाजता वारा आला, रेघा पुसायला लागल्या, तरी त्यांच्यातली एक वहीवर हात आडवा धरून शेवटचं पाऊल मोजत होती.