बाबांची बावीस मिनिटं कोणाच्या मालकीची?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. वाचायचं असेल तर पूर्ण वाचा.

चार दिवसांआधी रात्री जो पाऊस आला त्यात वीज कडाडली आणि आमचा टीव्हीचा डबा, म्हणजे सेटटॉप बॉक्स, गेला. टीव्ही वाचला, डबा गेला. आज आर्वीहून कंपनीचा पोरगा नवीन डबा घेऊन आला. छपरावरच्या छत्रीची (डिशची) वायर जोडली, आमचा ग्राहक नंबर टाकला, चॅनेल लागले. मी बाबांच्या चष्म्याच्या घरातून निळा पेन ड्राइव्ह काढला आणि डब्याच्या मागे लावला. माय पदराला हात पुसत समोर येऊन बसली. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, हा ड्राइव्ह वापरायचा असेल तर फॉरमॅट करावा लागेल, म्हणजे आतलं सर्व पुसावं लागेल, करू का? पोराचं बोट ओकेच्या बटनावर होतं. मी रिमोट हिसकावून घेतला.

त्या पेन ड्राइव्हवर माझे बाबा आहेत.

२०१८ च्या ऑक्टोबरात आमच्या गावच्या भजन मंडळाचं खंजेरी भजन एका मराठी चॅनेलवर लागलं होतं. बावीस मिनिटं. भगव्या टोप्या घातलेली नऊ माणसं आणि बाबा दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरे. मी रात्री सर्व बटनं दाबून रेकॉर्ड केलं होतं, लाईन जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर एकादशीला माय ते लावायला सांगते. चौदाव्या मिनिटाला कॅमेरा बाबांच्या हातावर येतो. खंजेरीच्या पितळी चकत्या थरथरताना दिसतात आणि अंगठ्याला बांधलेली पांढरी चिंधी दिसते. सोयाबीन सोंगताना विळा लागला होता. ती चिंधी मायने बांधली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्याची फाडून. तिथं आलं की माय म्हणते, "थांबव रे." मी थांबवतो. मग थोड्या वेळानं म्हणते, "चालू दे."

तर आता ते नवीन डब्यावर दिसत नाही. पोरगा म्हणाला, "काका, जुन्या डब्यावरचं रेकॉर्डिंग नव्या डब्यावर चालत नाही. सिस्टीमच तशी आहे." मी त्याच्यावर फार ओरडलो. कस्टमर केअरला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक बाई बोलली, तिनंही तेच सांगितलं, वरून "अजून काही मदत करू शकते का?" असं विचारलं. पेन ड्राइव्ह घेऊन मी झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर गेलो. तिथंही तेच, फॉरमॅट करा.

दुपारपासून याच्यावर वाचतोय, लोकांना विचारतोय. गोष्ट अशी आहे. छत्रीतून येणारं चित्र कुलूपबंद येतं, पैसे भरणाऱ्याच्याच घरात उघडावं म्हणून. ते ठीक आहे. पण आपण रेकॉर्ड करतो तेव्हा डबा ते पुन्हा कुलूप लावून पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. डबा मेला की किल्ली गेली. ड्राइव्ह तुमचा, पैसे तुमचे, आतला बाप तुमचा. किल्ली डब्याची. हे डबा विकताना कोणी सांगितलं? जाहिरातीत सांगतात, आवडता कार्यक्रम रेकॉर्ड करा, हवा तेव्हा बघा. हवा तेव्हा म्हणजे डबा जिवंत आहे तोवर, हे कुठं लिहिलं होतं?

आणि डबा आम्ही हौसेनं नाही घेतला. ३१ मार्च २०१७ नंतर खेड्यातल्या साध्या केबलला परवानगीच राहिली नाही. सरकारनं सांगितलं डबा घ्या, आम्ही घेतला.

आमच्या गावात कॅसेटचे दिवस आठवतात का कोणाला? व्हीसीआर भाड्यानं यायचा, रात्रभर अंगणात गर्दी. लग्नाची कॅसेट या घरून त्या घरी फिरायची, वर्ध्याच्या आत्याकडे गेली तरी तिच्या मशीनवर चालायची. कॅसेटच्या मागची ती प्लास्टिकची बारकी खुट्टी बाबा स्क्रू ड्रायव्हरनं तोडून टाकायचे, म्हणजे चुकून वरून दुसरं टेप होणार नाही. जपायचं कसं ते त्या माणसाला माहीत होतं. त्याला जपायची पाळी माझ्यावर आली तर मला तोडायला खुट्टीच नाही.

अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी सोनीवर केस केली होती, की लोक घरी बसून टीव्ही टेप करतात हे बंद करा. १९८४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशा निकालानं सांगितलं, घरी नंतर पाहण्यासाठी टेप करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही. आपल्याकडेही तसंच आहे. माझा पुतण्या नागपूरला वकिली शिकतो, त्यानं फोनवर वाचून दाखवलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९. प्रसारणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे प्रसारकाच्या हक्काचा भंग नाही. म्हणजे कायदा म्हणतो ठेव, आणि डबा म्हणतो पुसतो. कुलूप तोडायचं म्हटलं तर २०१२ साली कलम ६५अ आलंय, हक्क बुडवायच्या हेतूनं तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. माझा हेतू काय आहे ते माझ्या मायला विचारा.

चोरी होते, मान्य आहे. नवा सिनेमा संध्याकाळपर्यंत सर्वांच्या मोबाईलवर फिरतो, तेही पाहिलंय. पण त्याच्यासाठी बाबांच्या खंजेरीला कुलूप कशाला?

आणि कुलूप लावायचंच असेल तर नीट लावता येतं. जपानमध्ये हिताचीच्या टीव्हीत २००७ च्या सुमारास बाहेर काढता येणारी हार्ड डिस्क यायची, कॅसेटसारखी खाचेत सरकवायची. आयव्हीडीआर म्हणत तिला. चोरीविरुद्धचं कुलूप त्यातही होतं, पण ते त्या डिस्कसोबत चालायचं. डिस्क काढली, त्याच पद्धतीच्या दुसऱ्या मशीनमध्ये घातली, तिथं दिसलं. म्हणजे वीस वर्षांआधी ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. आपल्याकडे शेजारच्या काकांकडे दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशचा साधा डबा आहे. त्याच्यावर रेकॉर्ड केलेली फाइल मोबाईलवर चालते, कॉम्प्युटरवर चालते. फुकटवाल्याला मोकळं आणि दर महिन्याला पैसे भरणाऱ्याला कुलूप! हा कोणता न्याय?

ट्रायनं, म्हणजे फोन-टीव्हीच्या कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की कोणत्याही कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीला चालला पाहिजे. माझं मागणं तर त्याच्याहून लहान आहे. कंपनी तीच, ग्राहक नंबर तोच, छत्री तीच, भिंत तीच. फक्त डबा बदलला. जुन्या डब्याची किल्ली त्याच ग्राहकाच्या नव्या डब्याला द्या. एवढंच. चॅनेल चालू करायला आर्वीत बसून दोन मिनिटं लागतात, मग किल्ली द्यायला काय होते?

कोणी म्हणेल, यूट्यूबवर शोध. शोधलं. गावच्या भजन मंडळाचं कोण टाकते? कोणी म्हणेल, टीव्हीसमोर मोबाईल धरून शूट करून ठेवायचं होतंस. हो, ठेवायला हवं होतं. सात वर्षं वेळ होता. ते मला दुपारपासून खातंय.

सर्वात वाईट मायचं आहे. तिला कुलूप, किल्ली काही सांगता येत नाही. ती एकच विचारते, "डबा नवा आला न रे, मंग तुह्ये बाबा काहून नाही दिसत?" परवा आषाढी आहे. तिनं सकाळीच टीव्हीवरचा रुमाल धुऊन टाकला होता.

पोरगा जाताना जुना डबा मागत होता. जमा करावा लागतो म्हणे. मी दिला नाही. काय करायचं ते करा म्हटलं, पैसे लावा. तो गुपचूप सही घेऊन निघून गेला. त्याच्या वयाचा माझा पोरगा आहे. त्याच्यावर ओरडायचं कारण नव्हतं, सिस्टीम काही त्यानं बनवली नाही.

हे एवढं लिहून झालं होतं आणि आत्ता त्याचाच फोन आला. म्हणाला, "काका, तो डबा कोणालेच देऊ नका. वीज पडली की बहुतेक पावर सप्लाय जळते. चिप वाचली असन तर सप्लाय बदलला की तोच डबा चालू होईन, अन् मंग तुमचं रेकॉर्डिंगही दिसन. कंपनीचं मी पाहतो." मला काही बोलताच आलं नाही. त्याला म्हटलं, "बेटा, जेवला का?"

उद्या पहिल्या एसटीनं अमरावतीला जातोय, डबा आणि पेन ड्राइव्ह घेऊन. पेन ड्राइव्ह चष्म्याच्या घरातच राहील, खिशात. अमरावतीत सेटटॉपचे डबे दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस कोणाच्या ओळखीत असेल तर आज रात्रीच इनबॉक्स करा. असा माणूस पाहिजे जो आधी विचारेल आणि मग हात लावेल. तो डबा एकदा चालू झाला की टीव्हीसमोर मोबाईल धरून बावीसही मिनिटं शूट करणार आहे. मायला अजून काही सांगितलं नाही.