‘जव लावा, दुप्पट भाव घ्या’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या शेतकरी गटांत सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असा: ऊस मोडा, बार्ली म्हणजे आपला जव लावा. बिअरवाले गव्हाच्या दुप्पट भाव देतात. बियाणं कुठलंही चालतं, युरिया टाकला की प्रोटीन वाढतं आणि भावही. क्षारपडीतही येतं. भिजलं तर वाळवून द्या, शेवटी दळायचंच असतं. गेल्या पंधरवड्यात माझा मावसभाऊ पूजेच्या सामानाच्या दुकानातून पाव किलो जव घेऊन आला आणि म्हणाला, “दादा, एक एकर करूया काय?” म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधल्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण खरी गफलत तिथंच आहे. बिअरसाठी जवाला मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. माल्टवाला जव घेतो तो मोड आणायला. दाणे भिजवून त्यांचा ओलावा ४२ ते ४६ टक्क्यांवर नेतात, चार-पाच दिवस थंडाव्यात मोड येऊ देतात आणि मग गरम हवेनं वाळवून मोड थांबवतात. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात, त्यांच्या जोरावर पुढं स्टार्चची साखर होते. मेलेल्या दाण्यात यातलं काहीच घडत नाही, तो नुसता भिजतो आणि बुरसतो. म्हणून शंभरातले निदान ९५ दाणे उगवायला हवेत, अशी खरेदीदाराची अट असते. काढणीला वळिवानं गाठलं आणि ओंबीतच कोंब फुटला, किंवा ओला माल पोत्यात तापला, तर नंतर कितीही ऊन दाखवा, गेलेला जीव परत येत नाही. तो माल जनावरांच्या खाद्याच्या भावानं जातो.

मावसभावानं आणलेल्या जवाचे १०० दाणे आम्ही सोयाबीनची उगवण बघतो तसे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडून गुंडाळले. पाचव्या दिवशी उलगडलं तर मोड फक्त ५८ दाण्यांना. त्यातही काहींची मुळं पेरभर लांब, काहींचं नुसतं पांढरं टोक बाहेर आलेलं.

‘कुठलंही बियाणं चालतं’ याचं उत्तर त्या गोणपाटावरच होतं. वेगवेगळे वाण पाणी वेगवेगळ्या वेगानं ओढतात, मिसळले की एकाचा मोड पुढं पळतो, दुसरा मागं राहतो. म्हणून खरेदीदार एकाच वाणाचा शुद्ध माल मागतात, तोही बहुधा दोन ओळींच्या ओंबीचा, कारण त्याचे दाणे एकसारखे भरतात. कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेचे डीडब्ल्यूआरयूबी ५२, डीडब्ल्यूआरबी १०१ हे वाण त्यासाठीच काढलेले आहेत. मळणीयंत्र फार जोरात फिरवून टरफल सोललेला, फुटका दाणाही नको असतो. पुढं माल्टचा गोड रस गाळताना त्याच टरफलांचा थर चाळणीचं काम करतो.

आता प्रोटीन. इथं मेसेज सरळ उलटं सांगतो. माल्टला प्रोटीन साधारण ९ ते ११.५ टक्के हवं. त्यावर गेलं की तेवढा स्टार्च कमी, म्हणजे माल्टमधून उतारा कमी, आणि बिअर गढूळ होण्याचा धोका. उशिरा दिलेला युरिया दाण्यात प्रोटीन म्हणूनच साठतो. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. युरिया जास्त झालेल्या उसाचा गूळ कसा होतो, ते गुऱ्हाळावर आपण बघितलंय: रंग काळपट, ढेप नीट बसत नाही, टिकत नाही. व्यापारी बोटानं दाबून बघतो आणि भाव पाडतो. इथंही तेच, फक्त बोटाऐवजी प्रयोगशाळा.

त्यात आपलं हवामान. दाणा भरताना जवाला गारवा लागतो. आपल्याकडं मार्चमध्ये पारा ३५ च्या वर जातो. पेरणी लांबली तर दाणा उन्हात लवकर पिकतो, बारीक राहतो आणि प्रोटीनचा टक्का आपोआप चढतो. खरेदीदार २.५ मिलिमीटरच्या चाळणीवर माल टाकतो आणि खाली पडलेलं वजा धरतो.

क्षारपडीचं मात्र अर्धं खरं आहे. धान्यपिकांत क्षार सोसण्यात जव सगळ्यांत पुढं. पण सोसणं वेगळं आणि टपोरा दाणा भरणं वेगळं. शिरोळच्या क्षारपड रानात मी जव हिरव्या चाऱ्यासाठी जरूर करून बघेन. पन्नास-पंचावन्न दिवसांत कापणी येते.

दुप्पट भावाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामाला जवाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता, गव्हाचा २,४२५. माल्टच्या चांगल्या मालाला बाजारापेक्षा वर पैसे मिळतात, पण माल्टचे बरेच मोठे कारखाने हरियाणा, राजस्थान, पंजाबकडं आहेत. इथून दीड हजार किलोमीटरचं ट्रकभाडं कोण देणार, हे मेसेजमध्ये नाही.

मावसभावाला सांगितलंय: यंदा दोन गुंठे चाऱ्याला टाक. माल्टसाठी करायचंच असेल तर वाण, प्रोटीन, चाळणी, उगवण आणि भाडं हे सगळं खरेदीदाराकडून आधी लेखी घे. तोवर उसाचा खोडवा मोडू नको.