दातृत्व वर्ध्याला, कारखाना आकुर्डीला

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या गावातील मुले लाकडी बैल घेऊन मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभी राहतात. त्या बैलांना चार चाके असतात, आणि बंडी (बैलगाडी) घडवणारे सुतार संपल्यापासून आमच्या सेलू तालुक्याच्या या भागात तयार होणारे चाकांचे वाहन म्हणून तेवढेच उरले आहे. देवळामागे मात्र मोटारसायकली दाटीवाटीने उभ्या असतात आणि त्यांत बजाजच्या गाड्या भरपूर. मी आयटीआयमध्ये लेथवरचे काम शिकवणाऱ्या टर्नर ट्रेडचा निदेशक म्हणून 31 वर्षे काढली आहेत. त्यामुळे कोणतेही यंत्र दिसले की ते कोणाच्या लेथवर उतरले असेल, हा प्रश्न माझ्या मनात आपोआप येतो. बजाजच्या गाडीपाशी उभे राहिले की तो जरा जास्तच बोचतो, कारण हे घराणे आमच्या वर्ध्याचे आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात 1889 मध्ये जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याच्या सेठ बछराज यांच्या घरी दत्तक आले. गांधीजी वर्ध्याला आले ते त्यांच्या आग्रहामुळे, आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर 1928 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले झाले तेही त्यांच्यामुळे. 1942 मध्ये ते गेले. त्यानंतर 1945 मध्ये जी कंपनी नोंदवली गेली आणि जिचे पुढे बजाज ऑटो झाले, तिचे मूळ नाव होते बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. वर्ध्याच्या एका कापूस व्यापाऱ्याचे नाव देशातील एका मोठ्या वाहन कंपनीच्या जन्मदाखल्यावर आहे, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील शाळांत शिकवली जात नाही याचे मला नेहमीच नवल वाटते.

ही कंपनी आधी परदेशातून दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकत असे. 1959 मध्ये या गाड्या भारतातच बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर घरी आलेल्या त्या स्कूटरची पूजा माझ्या आईने हळदकुंकू लावून केल्याचे मला आठवते. पत्र्यापासून इंजिनापर्यंत सारे इथले, हा अभिमान खराच होता आणि आजही आहे. पण ‘इथले’ हा शब्द कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ बदलतो. दिल्लीत बसलेल्या माणसासाठी आकुर्डी ‘इथे’ आहे. वर्ध्याहून ती सुमारे सातशे किलोमीटर लांब आहे.

बजाजांनी वर्ध्यासाठी काही केले नाही, असे मी म्हटले तर ते पाप होईल. 1914 मध्ये सुरू झालेल्या शिक्षण संस्थेतून, म्हणजे आजच्या शिक्षा मंडळातून, आमच्या तीन पिढ्या शिकल्या. वाणिज्य महाविद्यालय 1940 पासून आहे आणि 2017 मध्ये अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आले. त्यांच्या प्रतिष्ठानाने जिल्ह्यात नाल्यांचे खोलीकरण केले, विहिरी दुरुस्त केल्या, गोबरगॅसची संयंत्रे बसवली. नाल्यात पाणी थांबले की रब्बीचा गहू किंवा चणा हाती लागतो, आणि ज्या घरात चणा झाला त्या घरातला मुलगा निदान त्या वर्षी तरी परीक्षेच्या फीसाठी अडत नाही. हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे.

तरीही माझे मत असे आहे की वाहन कंपनीने एखाद्या प्रदेशाला दिलेला आधार मोजायचा असेल, तर तिने तिथे किती पगार वाटले आणि किती सुटे भाग विकत घेतले हे आधी पाहावे; नाले, शाळा आणि दवाखाने त्यानंतर. क्रम उलटा झाला की काय होते ते आमच्या जिल्ह्यात दिसते. महाविद्यालय इथे असते, पदवी इथे मिळते, आणि पदवीधर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघून जातो.

याचे कारण धंद्याच्या रीतीतच आहे. वाहनाची कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. पत्र्याचे दाब, ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, गिअर, रबर, प्लास्टिक, तारांचे जुडगे हे सारे बाहेरचे लहान-मोठे कारखानदार बनवतात, आणि त्यांतील पुष्कळसा माल ठरलेल्या तासाला थेट जुळणीच्या ओळीवर पोहोचावा लागतो, कारण गोदामात माल साठवून ठेवणे कंपनीला परवडत नाही. म्हणून पुरवठादार मुख्य कारखान्याच्या अवतीभवती राहतात. त्या पुरवठादाराला डाय, म्हणजे साचा, करून देणारा, त्या डायला उष्णता प्रक्रिया देणारा, त्याची लेथ दुरुस्त करणारा, असे एकाला लागून एक दुकान उघडत जाते. पिंपरी, भोसरी, चाकण ही अशीच वाढत गेली. एकदा ती वाढली की पुढची कंपनीही तिथेच येते, कारण तिला सारे तयार मिळते. दोष कोणाचा म्हणावा? 1960 च्या सुमारास मुंबईचे बंदर आणि बाजार जवळ असलेली जागा कोणीही निवडली असती.

मात्र नंतरचा इतिहास ‘नाइलाज’ या शब्दात बसत नाही. 1985 मध्ये औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि मराठवाड्यात सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. 2007 मध्ये तर हीच कंपनी उत्तराखंडातील पंतनगरला गेली, कारण तिथे कराची मोठी सवलत होती. पुरवठादारही मागोमाग गेले, आणि त्याच वर्षी आकुर्डीतील गाड्यांचे उत्पादन थांबले. (पुढे 2022 मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला, हेही नोंदवले पाहिजे.) हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जे अंतर कापता आले, ते नागपूर-वर्ध्यापर्यंत का कापता आले नाही? सवलतीचा हिशेब मला समजतो, पण मग हिशेब हिशेबाच्याच भाषेत मांडावा, आमच्या भागाच्या दूरपणाच्या नव्हे.

दुसरे उदाहरण जवळचे आहे. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना कित्येक दशकांपासून आहे. माझ्या हाताखालून गेलेली काही मुले तिथे आणि आसपासच्या लहान कारखान्यांत लागली. त्यांच्यातील एक जण पहाटे वावरात पाणी देतो, दुपारच्या पाळीला मोटारसायकलने कामावर जातो आणि पगाराचा मोठा वाटा सेलूच्या बाजारात खर्च करतो. त्याच्या बापाने सावकाराचे तोंड बंद केले ते याच पगारावर. दुसऱ्याने दोन जुन्या लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केले आणि आता त्याच्याकडे चार मुले काम करतात. कारखान्याने त्या दोघांच्या गावाला ना पाण्याची टाकी दिली ना दप्तरे वाटली. द्यावीत, चांगलेच आहे. पण ती नाही दिली तरी त्या दोन घरांचे चालले.

याउलट पुण्याकडे गेलेल्यांचे काय होते तेही सांगतो. माझ्या पुतण्याने फिटरचा कोर्स केला. तिकडच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून लागला. सात महिने झाले आणि त्याला ‘ब्रेक’ दिला, म्हणजे कामावरून थांबवले. पुन्हा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे, पुन्हा सात महिने. एका खोलीत सहा जण, पाळीप्रमाणे गादी बदलायची. तीन वर्षांनी तो परत आला तेव्हा म्हणाला, “काका, तिकडं राह्यलो त पैसे उरत नाही, इकडं आलो त काम नाही.” त्याचा धंदा-शिक्षणाचा दाखला मीच सही करून दिला होता, म्हणून त्या वाक्याला मला उत्तर सुचले नाही.

कायद्याकडे पाहिले की स्थानिक या शब्दाची गंमत लक्षात येते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, आणि त्यात आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे. म्हणजे ज्या भागात कारखाना आहे त्याच भागाकडे दानही आधी वळते. बजाजांनी वर्ध्याची आठवण ठेवली ती जुन्या नात्यामुळे, पण विदर्भातील ज्या तालुक्यांचे कोणत्याच उद्योगपतीशी नाते नाही त्यांनी काय करावे? राज्याच्या प्रोत्साहन योजनेत 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट आहे, पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. सांगलीचा मुलगा नागपूरजवळच्या बुटीबोरीत स्थानिक आणि सेलूचा मुलगा चाकणला स्थानिक! केंद्राच्या 2021 मधील वाहन उद्योगाच्या प्रोत्साहन योजनेत किमान 50 टक्के मूल्यवर्धन देशात व्हावे अशी अट घातली आहे. ती योग्यच आहे. पण देशात म्हणजे देशात कुठेही.

वर्ध्यातच, जमनालालजींनी दिलेल्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचा संसार मांडला होता आणि वस्तू जिथे वापरली जाते तिच्या जवळच ती तयार व्हावी असे आयुष्यभर सांगितले. मोटारसायकलचे इंजिन काही कोणी झोपडीत ओतणार नाही, आणि कुमारप्पांचे नाव घेऊन तसे सुचवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण दुचाकीत असे कितीतरी भाग आहेत, ज्यांना मोठे यंत्र लागत नाही आणि ज्यांच्या वाहतुकीला फारसा खर्च येत नाही.

वायरिंग हार्नेसचे उदाहरण घ्या. दिव्यांपासून बॅटरीपर्यंत जाणाऱ्या सगळ्या तारा मापाने कापायच्या, टोकांना टर्मिनल दाबायचे, फळीवर आखलेल्या नकाशाप्रमाणे त्या मांडायच्या आणि टेप गुंडाळून जुडगे बांधायचे. हे काम आजही मोठ्या प्रमाणावर हातांनीच होते, अनेक कारखान्यांत ते बहुतांशी स्त्रिया करतात, आणि एका मालमोटारीत हजारो गाड्यांचे हार्नेस मावतात. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो आणि जून 2025 पासून तो मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला आहे. देवळीला औद्योगिक वसाहत आहे. बजाज समूहाने 2024 मध्ये पाच वर्षांत 5,000 कोटी रुपये खर्चून 2 कोटी तरुणांना कौशल्य देण्याचा संकल्प जाहीर केला. तो मोठा आहे आणि त्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु कौशल्य शिकवण्यातच मी आयुष्य घातले असल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो की कौशल्य शिकलेला आणि जवळपास काम नसलेला मुलगा हा न शिकलेल्या मुलापेक्षा अधिक लवकर गाव सोडतो. म्हणून प्रशिक्षणाच्या जोडीला एक लहानशी खरेदीची ऑर्डर द्यावी, तीही दर्जात सूट न देता. माल नापास झाला तर परत पाठवावा. आम्हाला परत आलेला मालही काहीतरी शिकवेल.

गेल्या महिन्यात मी गॅरेजमधून एका भंगारात निघालेल्या गाडीचे हार्नेस आणले आणि आमच्या गल्लीतील बचत गटाच्या बायकांपुढे ठेवले. त्या पापड आणि कुरड्या करतात. एकीने ते सोडले, तारा रंगांप्रमाणे लावल्या आणि चहा होईपर्यंत पुन्हा बांधून दाखवले. टेपचे वेढे जरा सैल होते, बाकी क्रम बरोबर होता. मग तिने विचारले, “अन् हे बांधाचे तासाचे किती देतात जी, सर?”

मी म्हणालो, मला ठाऊक नाही, विचारून सांगतो. म्हणून ही पोस्ट. आकुर्डी, चाकण किंवा वाळूजच्या खरेदी विभागात काम करणारे माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील, तर त्यांनी मला तो दर कळवावा.