‘कथित’ हा शब्द मी उडवला होता

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका पत्रकाराचा फोटो फिरत होता. खाली लाल अक्षरांत ‘गद्दार’, ‘परक्या देशाचा हेर’. अटकेला एक दिवसही झाला नव्हता. पुरावा काय, कागद कुठला, कुणालाच माहीत नव्हतं, तरी एका काकांनी ‘भर चौकात फासावर लटकवा’ असं लिहून टाकलं होतं. मी दोनदा उत्तर टाइप केलं आणि दोनदा खोडलं. त्यांना काय बोलणार? 2002 साली मी स्वतः तेच केलंय, आणि तेही छापून.

तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी. जून महिना. त्याआधी डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला होता, मे महिन्यात जम्मूजवळ काळूचकला लष्करी वसाहतीवर अतिरेकी हल्ला झाला होता, दोन्ही देशांचं सैन्य सीमेवर समोरासमोर उभं होतं. अशात दिल्लीहून बातमी आली. ‘काश्मीर टाइम्स’चे दिल्लीतले ब्यूरो प्रमुख इफ्तिखार गिलानी यांच्या घरावर 9 जूनला प्राप्तिकर खात्याचा छापा पडला होता आणि त्यांना अटक झाली होती. संगणकात लष्कराच्या काश्मीरमधल्या तैनातीची माहिती सापडली, ती पाकिस्तानला पुरवली जात होती, असं ‘सूत्रांनी सांगितलं’. त्यांचे सासरे म्हणजे हुर्रियत या काश्मिरी फुटीरतावादी आघाडीचे नेते सय्यद अली शाह गिलानी, तेही त्याच दिवशी अटकेत. संसद हल्ल्याच्या खटल्यात याच आडनावाचे एक प्राध्यापक आरोपी होते, त्यामुळे गोंधळात आणखी भर.

मला दोन कॉलमी मथळा द्यायचा होता. मी लिहिलं, ‘आयएसआयच्या कथित हस्तक पत्रकारास अटक’. एका ओळीत बसेना. पान सोडायची वेळ झाली होती, मुख्य उपसंपादक मागे उभे. मी ‘कथित’ काढला. मथळा छान बसला.

‘हस्तक’ हा आमच्या मराठी पेपरांचा लाडका शब्द. एकदा नावापुढे लागला की माणसाला बाजू मांडायला जागाच उरत नाही.

आता त्या संगणकातल्या ‘गुपिता’बद्दल. तो होता इस्लामाबादच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ स्ट्रॅटेजिक स्टडीज’ या संस्थेने नव्वदच्या दशकात छापलेला एका पाकिस्तानी अभ्यासकाचा निबंध. छापील, उघड मिळणारा, इंटरनेटवरही असलेला. म्हणजे आरोप होता पाकिस्तानला गुप्त माहिती पुरवल्याचा, आणि ती माहिती पाकिस्ताननेच आधी छापलेली! काश्मीरवर लिहिणाऱ्या पत्रकाराकडे असा निबंध असणार नाही तर काय असणार? माझ्याकडेही तेव्हा कात्रणांचे दोन खोके होते.

पण त्या कागदावर लष्करी गुप्तचर संचालनालयाचं मत मागवलं गेलं आणि जूनमध्ये त्यांनी सांगितलं की ही माहिती देशाच्या सुरक्षेला घातक आहे. झालं. 1923 चा शासकीय गुपिते कायदा लागला. इंग्रजांनी केलेला हा कायदा ‘गुपित’ म्हणजे नेमकं काय याची व्याख्याच करत नाही. त्याचं तिसरं कलम हेरगिरीचं, संरक्षणाशी संबंध असेल तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा. आणि याच कलमात एक पोटकलम आहे ते प्रत्येक पत्रकाराने एकदा तरी वाचावं. आरोपीने देशाला अपायकारक असं अमुक एक कृत्य केलं हे दाखवण्याचीही गरज नाही. परिस्थिती, वागणूक, माणसाची ‘ज्ञात ख्याती’ यांवरून हेतू वाईट दिसला तरी दोषी ठरवता येतं. हे वाचलं आणि मला गिलानींचे सासरे आठवले. ज्याच्या घरी फुटीरतावादी नेता आहे, त्याची ‘ख्याती’ काय धरली जाणार?

गिलानी तिहारमध्ये सात महिने होते. आत पाऊल ठेवताच मारहाण झाली. स्वतःच्या शर्टाने संडास पुसायला लावला आणि तोच शर्ट अंगात घालायला लावला. हे त्यांनी नंतर स्वतः लिहिलंय. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझी ती रात्र आली. खात्री न करता मथळे देणारी मी एकटी नव्हते, दिल्लीतल्या मोठमोठ्या पेपरांनीही तेच केलं होतं. पण म्हणून माझा मथळा माझा नाही असं होत नाही.

सुटका कशी झाली हेही सांगायला हवं, कारण त्यात एक चांगली गोष्ट आहे. बचाव पक्षाने तो छापील निबंध पुढे ठेवला. वकील, पत्रकार मित्र आणि गिलानींच्या पत्नी यांनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबरात त्याच लष्करी गुप्तचर संचालनालयाने दुसरं मत दिलं: ही माहिती सहज उपलब्ध आहे, सुरक्षेच्या दृष्टीने तिला फारसं मोल नाही. गृहखातं ते लगेच मानायला तयार नव्हतं. पण जानेवारी 2003 मध्ये सरकारने खटला मागे घेतला आणि ते बाहेर आले. आपलं आधीचं मत चुकलं हे लष्कराच्या एका कार्यालयाने लेखी मान्य केलं, त्यामुळे एक माणूस सुटला. एवढं आम्हा पेपरवाल्यांना जमलं नाही.

कुणी म्हणेल, पत्रकार हेर नसतातच का? असतात. टोकियोत जर्मन वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून वावरणारा रिचर्ड झोर्गे सोव्हिएत रशियाचा हेर होता आणि 1944 मध्ये जपानने त्याला फाशी दिलं. तपास जरूर व्हावा, कसून व्हावा. माझं म्हणणं एवढंच आहे की तपास यंत्रणेने कागद उघडून दाखवेपर्यंत आपण ‘हेर’ म्हणू नये. रशियाने 2023 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या इव्हान गर्शकोविचला हेर म्हणून पकडलं, तेव्हा आपण ‘पुरावा कुठाय’ हे लगेच विचारलं. दिल्लीत, श्रीनगरमध्ये तसंच झालं की तो प्रश्न आपल्या तोंडी का येत नाही?

आणि हे काही दूरचं नाही. आपल्या देवळाली छावणीत जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामं करावी लागतात हे छुप्या कॅमेऱ्याने दाखवणाऱ्या महिला पत्रकारावर 2017 मध्ये याच कायद्याखाली नाशकात गुन्हा नोंदला गेला. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2006 मध्येच हा कायदा रद्द करा असं सुचवलं होतं. तो अजून आहे तिथेच आहे.

गिलानी सुटल्याची बातमी आली त्या रात्रीही मी पाळीवर होते. गावोगावी जाणारी, आधी छापली जाणारी डाक आवृत्ती गेलेली होती. शहर आवृत्तीत आतल्या पानावर एक कॉलम, सात ओळी. दुसऱ्या दिवशी ‘काल आलीय ना’ म्हणून ती कुणी पुन्हा घेतली नाही, मीही आग्रह धरला नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यात गावी असायचे, पहिल्या पानावरच्या पंचांगापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पेपर वाचणारे. गावात यायची ती डाक आवृत्ती. तीनेक वर्षांनी काश्मीरची काही बातमी चालू होती, तेव्हा ते म्हणाले, “तो दिल्लीतला पत्रकार, आयएसआयचा माणूस, तो अजून आत असेल ना गं?”

“अण्णा, तो कधीच सुटला. काही नव्हतंच त्याच्याकडे.”

“सुटला?” ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “आपल्या पेपरात तर आलं नाही.”