जंपर काढून टाकण्याआधी हे वाचा

जुन्या पीसीत दुसरी आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलवर चालणारी जुन्या पद्धतीची) हार्ड डिस्क बसवण्याबद्दलचा एक मेसेज खूप फिरतोय. त्याचं सार असं: जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) काढून टाका, केबल कशीही लावा, सीडी ड्राइव्हच्या केबलवर डिस्क लावू नका कारण ती सीडीच्याच वेगाने चालते, आणि विंडोजने फॉरमॅटचं विचारलं की बेधडक ‘येस’ दाबा.

जंपर नसण्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. सीगेटच्या बहुतेक आयडीई डिस्कचा जंपर काढला की ती स्लेव्ह, म्हणजे केबलवरची दुय्यम डिस्क, होते. वेस्टर्न डिजिटलची मात्र ‘सिंगल’ होते, म्हणजे केबलवर आपण एकट्याच आहोत असं धरून चालते. अशा दोन एकाच केबलवर लावल्या की दोघीही मालकीण, म्हणजे मास्टर! मग बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक गायब, कधी दोन्ही, आणि चांगली डिस्क ‘गेली’ म्हणून भंगारात. जंपर कुठे लावायचा याची आकृती बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही.

‘केबल कशीही’ हेही चूक. 80 तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, दुसऱ्या टोकाचं काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. जंपर ‘केबल सिलेक्ट’वर असेल तर मास्टर कोण हे केबलवरची जागाच ठरवते. जुन्या 40 तारांच्या केबलवर डिस्क चालते, पण तिचा वेग यूडीएमए 33 च्या, म्हणजे सेकंदाला साधारण 33 एमबीच्या, वर जात नाही.

सीडीचा मुद्दा एके काळी खरा होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले चिपसेट (मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिप) आल्यापासून एका केबलवरच्या दोघांचा वेग स्वतंत्रपणे ठरतो. एका वेळी बोलतो मात्र एकच, म्हणून एकावरून दुसऱ्यावर कॉपी करायची असेल तर वेगळी केबल बरी. बास.

राहिला तो ‘येस’, आणि खरा घात तिथेच आहे. जुनी, भरलेली डिस्क जोडल्यावर विंडोज फॉरमॅटचं विचारतं, कारण तिच्यावरचं त्याला वाचता येत नाही. ती रिकामी आहे असं नाही. पार्टिशन (डिस्कचा विभाग) लिनक्सचं असेल, केबल सैल असेल, पिन वाकली असेल. मूळ एक्सपीत, सर्व्हिस पॅक 1 नसेल तर, 137 जीबीच्या पुढची जागाच दिसत नाही. आधी ‘नो’ म्हणा, मशीन बंद करा, केबल पुन्हा बसवा, बायॉसमध्ये मॉडेल आणि क्षमता बरोबर दिसते का पाहा. एक्सपीत चुकून फॉरमॅट केलेलं रिकव्हरीवाल्याकडून कदाचित परत मिळेल. व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट त्या सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहितं. तिथे रिकव्हरीवालाही हात टेकतो.